लिकोनचा मुखवटा

अथेन्समध्ये नाटकाचे मुखवटे करणारे चारपाच जण होते, पण देक्सिओसच्या हाताची सर एकालाही नव्हती. माणूस भारी तिरसट. कवी शिकवायला लागला की सरळ दाराकडे बोट दाखवायचा. मातीचा साचा करायचा, त्यावर खळीत भिजवलेल्या चिंध्यांचे थर चढवायचे, वाळल्यावर रंगवायचं, यातच त्याची हयात गेली.

त्याचा एकुलता एक मुलगा, लिकोन, आरमारात वल्ही मारायला गेला आणि गलबतासकट बुडाला. प्रेत मिळालं नाही. प्रेतच नाही तर मूठमाती कशाला द्यायची? देक्सिओसची बायको, मिर्तिया, तर तो गेला हेच मानेना. "पोहता येतं त्याला," एवढंच म्हणायची. डोळ्यांतून टिपूस नाही.

वर्षभराने नाटकांचा देव दिओनिसोस याच्या उत्सवासाठी एका कवीने मेलेल्या राजपुत्राचा मुखवटा करायला सांगितला. देक्सिओस मातीला बसला आणि बोटं आपोआप लिकोनच्या हनुवटीकडे वळली. त्याने ती आवरली नाहीत. चढलेल्या भुवया आणि उघडं तोंड तेवढं शोकनाट्याच्या रिवाजाचं ठेवलं. निदान गावाने तरी माझ्या पोरासाठी रडावं, असं त्याला वाटलं. काय चुकलं हो बापाचं?

नाटकाच्या दिवशी मिर्तिया पार वरच्या बाजूला बायकांत बसली होती. राजपुत्र कसा मेला ते दूताने येऊन सांगितलं, मग प्रेत बाहेर आणलं. तो चेहरा पाहताच तिने असा हंबरडा फोडला की खाली रंगणात विलाप गाणाऱ्या वृंदाचाही सूर चुकला. देक्सिओसला वाटलं, रडून मोकळी झाली बिचारी.

दुसऱ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "अहो, तो मुखवटा घरी आणा. तोच पुरू या. त्याची कबर तरी होईल."

पण नाटक संपलं की मुखवटे देवाचे. ते देवळात टांगायचे असतात. देक्सिओसने पुजाऱ्याचे पाय धरले, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचे तरी धरले. पुजारी बधला नाही.

"मग दुसरा करा," मिर्तिया म्हणाली.

साचा त्याने रिवाजाप्रमाणे केव्हाच फोडला होता. एक चेहरा दोन नाटकांत दिसू नये म्हणून फोडायचाच असतो. तो नव्याने मातीला बसला. सहा दिवस रोज घडवलं, रोज मोडलं. हनुवटी जमायची, पण भुवया वर चढायच्या आणि तोंड किंकाळी फोडल्यासारखं उघडं राहायचं. लिकोन कधी असा ओरडला नव्हता. लाजराबुजरा पोर होता तो, हसतानासुद्धा ओठ मिटूनच हसायचा.

सातव्या दिवशी मिर्तियाने ओली माती निरखून पाहिली.

"हा नाटकातला आहे. आपला लिकोन कुठाय?"

देक्सिओसने हात पुसले.

"डोळे मिटले की मला हाच दिसतो गं आता."