तोळ्याचं एक युनिट

परमेश्वराने ही सृष्टी निर्माण केली तेव्हा आमचे थोरले साडू नोकरीला लागलेले नव्हते, हे परमेश्वराचं नशीब. नाहीतर समुद्रात पाणी सांगितल्याइतकं आहे की नाही, आणि दिवसाचे तास खरोखर चोवीस भरतात की त्यातही कुणी काटा मारलाय, हे तपासून शिक्का मारल्याशिवाय त्यांनी ती वापरात येऊच दिली नसती. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, माईंचे, यजमान. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची सगळी हयात गेली. दुकानदारांचे तराजू, पेट्रोल पंपाची मापं, दूधवाल्यांची लिटरं, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं. खात्याने त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त केलं, पण ते खात्याला निवृत्त करायला तयार नाहीत. कसब्यात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. अजूनही ते भाजीला निघाले की मंडईकडच्या वाटेवरचे निम्मे तराजू आपोआप सरळ होतात.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात विहीणबाईंनी पेढ्यांचं खोकं माझ्या हातात दिलं, ते साडूंनी मधल्यामध्ये उचललं, दोनदा वरखाली केलं आणि भर मांडवात विचारलं, "अर्धा किलो म्हणाले का दुकानवाले? खोकं धरून असेल." माझी बायको सख्ख्या बहिणीशी आठ दिवस बोलली नाही. माईंचा बिचारीचा काय दोष, पण नवऱ्याशी भांडून उपयोग नसला की लोक बहिणीशी भांडतात. तेव्हापासून आमच्या विहीणबाई येताना पेढे स्टीलच्या डब्यात घालून आणतात आणि आल्या आल्या डब्याचं वजन सांगून टाकतात. रिक्षात बसले की साडू बाहेर बघत नाहीत, मीटरकडे बघतात. एकदा त्यांनी रिक्षावाल्याला ऐकवलं, "तुमचा मीटर किलोमीटरमागे पन्नास पावलं पुढे पळतोय." तो मागे वळूनही न बघता म्हणाला, "काका, पावलं माहितीयेत तर चालतच जायचंत की." साडू खरंच उतरले आणि चालत गेले. मीसुद्धा गेलो, कारण दुर्दैवाने मी शेजारी बसलेलो होतो. घरात कुणाला ताप आला तर तीन थर्मामीटर निघतात. दोघांचं जमलं तर तिसऱ्याला लबाड ठरवतात, आणि तिघांचं तीन तऱ्हेला झालं तर आजाऱ्यालाच. "आधी थर्मामीटरची तब्येत बघतात, मग माझी," असं माई म्हणतात.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. फूटपट्टीशी माझं लहानपणापासून वाकडं. त्यामुळे साडूंच्या लेखी मी माणसांत जमा नाही. "धाकटे, तुमचं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे," हे वाक्य गेल्या तीस वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या मृत्युलेखात तेच छापतील. मी चहात साखर अंदाजाने घालतो, भिंतीवर तसबीर अंदाजाने लावतो, आणि ती वाकडी असते हे त्यांना जिन्यातूनच कळतं.

असल्या माणसाच्या घरात मांजर कसं टिकलं, हे कोडंच आहे. एका किराणा दुकानाच्या मागे हे पिल्लू त्यांना सापडलं. साडूंनी आधी काय करावं? त्याला दूध पाजलं? छे! दुकानाच्या तराजूत घातलं. काटा हललाच नाही म्हणून त्याचं नाव तोळा ठेवलं. पुढे तोळा वाढत वाढत सहा किलोचा बोका झाला, तरी नाव तेच. दर रविवारी त्याचं वजन व्हायचं. आधी साडू एकटे काट्यावर उभे राहायचे, मग तोळ्याला घेऊन, आणि वजाबाकी माईंकडून तपासून घ्यायचे. पोटच्या पोरांना जवळ घेताना मी या माणसाला कधी पाहिलं नाही, पण काट्यावरून उतरल्यावरही ते बोक्याला बराच वेळ खाली ठेवायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "श्वास स्थिर होऊ देतोय त्याचा."

दोन वर्षांपूर्वी तोळ्याला मधुमेह निघाला. मांजरालाही मधुमेह होतो हे ऐकून मी हसलो आणि साडूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा अर्धा टाकून उठलो. साडूंना स्वतःला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यावर ते एक गोळी घेतात, आणि डॉक्टर लोकांवर विश्वास ठेवत नाहीत. बोक्याच्या बाबतीत मात्र त्यांनी येरवड्याच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंचा शब्द खाली पडू दिला नाही. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, इन्सुलिन. साडू सिरिंज खिडकीशी धरायचे, औषध रेघेला बरोबर टेकवायचे, बुडबुडा काढायचे, पुन्हा टेकवायचे, आणि तोळा वाटीतलं खात असतानाच मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई टोचून मोकळे व्हायचे. तोळ्याला पत्ताही लागायचा नाही. कौतुक करवत नाही, पण ती सफाई बघण्यासारखी होती. सहा महिन्यांनी त्याची साखर ताब्यात आली आणि बाईंनी इन्सुलिन बंद केलं. म्हणाल्या, "काही मांजरांमध्ये असं होतं काका, लकी आहात." साडूंना लकी हा शब्द अजिबात आवडला नाही. "नशीब नाही, माप," असं ते पुढे महिनाभर दिसेल त्याला सांगत होते.

यंदा संक्रांतीनंतर तोळा पुन्हा भांडंभर पाणी पिऊ लागला. बारीक झाला. मागचे पाय टाचांवर टेकवून चालायला लागला. येरवड्याला मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो, टोपली माझ्या मांडीवर होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, "शुगर परत वाढलीये काका. इन्सुलिन रिस्टार्ट करावं लागेल. एक युनिट, दोन वेळा. पण एकच हं, प्लीज. जास्त गेलं तर शुगर एकदम खाली येते, फिट येते, मांजर हातचं जातं. आणि दिलंच नाही तर असाच वाळत जाईल." इतकं सरळ सांगितलेलं मला कळलं, टोपलीतल्या तोळ्याला कळलं असावं, साडूंना कळलं नाही. "विचार करून कळवतो," म्हणाले. जसं काही बाईंनी त्यांना स्थळच सुचवलं होतं!

मग सुरू झाली ती चौकशी समिती. पहिला संशय यंत्रावर. साखर मोजायची आणखी दोन यंत्रं आली. आकडा माईंनी वाचून दाखवायचा आणि यांनी मान हलवायची, "चुकीचं असणार." दुसरा संशय घाबरण्यावर: कान टोचला की मांजर घाबरतं, घाबरलं की साखर वाढते. हे बाईंनीच कधीतरी सांगितलेलं, ते यांनी त्यांच्यावरच उलटवलं. तिसरा संशय शेजाऱ्यांवर, की कुणीतरी त्याला चोरून दूधभात घालतंय. वरच्या मजल्यावरच्या बाईंना त्यांनी जिन्यात गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या घरी माणसांना पुरत नाही." चौथा संशय पाण्यावर. तोळा दिवसाला किती पितो ते कळावं म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतली काचेची नळी मीच मागून आणून दिली. तिच्यावरचा आकडाही माईंनीच वाचायचा. तीन आठवडे गेले. समितीचा अहवाल काही येईना. तोळा मात्र माझ्या डोळ्यांदेखत झिजत चालला होता. पूर्वी मला बघितलं की तुच्छतेने उठून जायचा, आता तेवढंही त्याच्याने होईना.

शेवटी माझं डोकं फिरलं. भर दुपारी, माईंच्या समोर, मी तोंडाला येईल ते बोललो. "हा तुमचा नेमकेपणा नाही, हट्ट आहे. एक युनिट द्यायचं ते देत नाही आणि बोक्याला मारताय. बाईंनी सांगितलंय, माईंना दिसतंय, मला दिसतंय, तुम्हालाच तेवढं दिसत नाही का?" साडू नुसतं "हं," म्हणाले आणि आत गेले. मी मनात म्हटलं, चला, लागलं वर्मी, बरं झालं. घरी येऊन बायकोला मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अळूच्या वड्यांचा डबा हातात देऊन सांगितलं, "जा, आणि वय काय आपलं, वागतो काय, याचा विचार वाटेत करा."

माई देवळात गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं. साडू खिडकीपाशी माझ्याकडे पाठ करून उभे होते. टेबलावर पाण्याचा पेला, आणि शेजारी सात-आठ सिरिंजा ओळीने ठेवलेल्या. हातातली सिरिंज त्यांनी उजेडाकडे धरली होती. चष्मा वर केला, खाली केला, भिंग लावलं, भिंग काढलं, सिरिंज नाकाला टेकेल इतकी जवळ आणली. माझी चाहूल लागली तरी वळले नाहीत. ती सिरिंज मागे माझ्याकडे धरून म्हणाले, "धाकटे, किती भरलंय बघा."

मी बघितलं. म्हटलं, "पाच."

"मी एक भरलं होतं," ते म्हणाले. मग टेबलावरच्या बाकीच्याही बघायला लावल्या. एकीत तीन, एकीत सहा, एकीत नुसताच बुडबुडा. एकही एकवर नव्हती. "मला रेघ दिसत नाही हो. दिवाळीपासून दिसत नाही. सरळ असते ती वाकडी होते आणि मध्येच नाहीशी होते."

अहो, दिवाळीपासून हा माणूस वर्तमानपत्र उघडत नव्हता. विचारलं तर म्हणायचे, "त्यात वाचण्यासारखं उरलंय काय?" आणि आम्ही सगळे माना डोलवत होतो! पुण्यात एखाद्याने असं म्हटलं तर त्याचे डोळे गेले असतील अशी शंका कुणाला यावी? उलट आम्हाला ते मत फार पटलं होतं. बारा वर्षांच्या साखरेने आतल्या आत काम केलं होतं, आणि आम्ही ते खवचटपणात जमा करत होतो. आदल्या दिवशी मी काय बोललो होतो ते मला आठवलं आणि तोंड लपवावंसं वाटलं.

"माईंना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तिला सुई बघितली की घेरी येते. सांगून काय, दोघांना सांभाळत बसू? आणि तिला सांगितलं की ती मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार. तो मोजणार. एकदा मोजलं की ठरलं मग ते." मग म्हणाले, "एकाच्या जागी पाच गेले असते तर तो माझ्या हातून गेला असता. नाही दिलं तरी जातोच आहे. रोज सकाळी इथे उभा राहून बघतो, आज तरी जमेल."

वड्यांचा डबा अजून काखेतच होता, तो मी खाली ठेवला. एवढंच म्हटलं, "मी भरतो."

तोळ्याला वाटी दिली. फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. ती तळहातांत कशी फिरवायची, जोरात हलवायची का नाही, सुई किती आत घालायची, सगळं सांगितलं. चार वेळा भरलं, चार वेळा बाटलीत परत घातलं. पाचव्यांदा औषध रेघेला टेकलं. मी सिरिंज त्यांच्यापुढे धरली आणि वाट बघितली. आता भिंग निघेल, उलटतपासणी होईल, वरची कड की खालची कड, सांगा बघू. त्यांनी नुसता तळहात पुढे केला.

"बघत नाही?"

"एक ना? द्या इकडे."

आणि त्या रेघ न दिसणाऱ्या माणसाने बोटांनी चाचपून मानेमागची कातडी उचलली आणि सुई अशी दिली की तोळ्याने वाटीतून तोंड वर काढलं नाही.

त्याला आता चार महिने झाले. त्याच आठवड्यात माईंनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढून नेलं. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत, थोडा फरक पडेल म्हणतात. डाव्याचं आता काही होणार नाही. स्वतःची साखरही ते आता डॉक्टर सांगतील तशी तपासून घेतात. तोळा सुधारला, पायांवर नीट चालतो, आणि मला बघून पुन्हा उठून जायला लागलाय. मी रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला त्यांच्याकडे असतो. भाच्याच्या लग्नाला कोल्हापूरला गेलो नाही, त्यावरून बायकोने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरं सांगू? मला त्यांनी हटकावं असं वाटतं. एकदा तरी म्हणावं, धाकटे, जास्त झालंय, परत भरा. परवा तर मी मुद्दाम म्हटलं, "आज रेघेच्या किंचित वर गेलंय की काय कोण जाणे." पूर्वी एवढ्यावर त्यांनी माझ्या सात पिढ्यांची चित्रकला काढली असती. ते तोळ्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "तुम्ही एक म्हणालात ना? मग एकच असेल."

मी सिरिंज घेऊन खिडकीशी गेलो. बरोबर एक होतं. तरी मी ते परत बाटलीत घातलं आणि पुन्हा भरलं.