पाण्यावरचा ओटा

बाळांनो, परतूरच्या पुढे गोदावरीच्या बंधाऱ्यात तुमच्या मामाची एक जुनी मोटरबोट आहे. तिच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात ओटा आणि कपाटं बसवायला जुन्या जालन्यातून एक मिस्त्री आला होता. साठीचा माणूस, जन्मभर घरांचीच कामं केलेला. त्याचं नाव मी विचारलंच नाही.

दोनदा त्याने पाणसळ लावून ओटा समतल बसवला. दोन्ही वेळा गॅसची टाकी आणि पाण्याचे ड्रम चढवताच बोट एका अंगाला कलली आणि कपाटांची दारं आपोआप उघडली.

"मिस्त्री, आज जमलं नाही तर मी दुसरा माणूस आणतो," मामा म्हणाला.

मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली आणि परत तिथेच ठेवली. सकाळपासून तो हेच करत होता. मग थकल्या आवाजात मला म्हणाला, "घरात जमीन गुमान पडून राह्यते, बाई. हितं माणूस हाललं की जमीन हालते. मंग रिकामी बोट मापून काय फायदा?"

त्याने टाकी, ड्रम जागेवर ठेवले आणि स्वयंपाक करणारी जिथे असेल तिथे मला स्टुलावर बसवलं. मग तशा कललेल्या बोटीतच त्याने ओटा आणि कपाटं नव्याने बसवायला घेतली. दुपारभर बसून माझी पाठ भरून आली. शेवटी पाणसळीतला बुडबुडा मधोमध थांबला. दारं मिटलेलीच राहिली.

मी उठू लागले.

"बसा जरा," तो म्हणाला. "तीन दिवसांत पहिल्यांदा सरळ दिसून राह्यलंय."

मग होता त्या जागीच तो हळूच खाली बसला, आणि आम्ही दोघं ओट्याकडे पाहत राहिलो.