मेहुण्याचे गाल आणि आग्या मोहोळ

समस्त नातेवाइकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, माझ्या मेहुण्याचे दोन्ही गाल एका रविवारी भर दुपारी रणांगणी पडले. मी तिथेच होतो. पालथा.

आम्ही जोयडा तालुक्यातल्या रामनगरचे. मेहुण्याचं किराणा दुकान आहे, चाळिशी उलटलीय आणि गाल असे आत गेलेले की दाढी करताना जिभेनं आतून आधार द्यावा लागतो. तीन स्थळांनी 'मुलगा फारच सुकलेला' म्हणून नकार कळवला होता. चौथं स्थळ खानापूरच्या एका शिक्षिकेचं. सोमवारी तिला पाहायला जायचं होतं. "आदल्या दिवशी जरा मोकळी हवा खाऊ दे त्याला, तोंडावर तजेला येईल," असं बायको म्हणाली, म्हणून आम्ही त्याला घेऊन आपल्या तालुक्यातल्या राष्ट्रीय उद्यानात गेलो.

वाट दाखवायला जंगलातल्या दिग्गी गावाकडचे एक कुणबी मामा होते, खांद्यावर काळं कांबळं टाकलेले. दिवस खरोखर निवांत गेला. ओढ्यात पाय सोडून आम्ही फोडणीचे पोहे खाल्ले. मग कड्यावरून डोंगरांच्या पलीकडे समुद्राची फिकट रेघ दिसली आणि मेहुणा चक्क हसला.

कड्याच्या पायथ्याशी रानातला देव होता. एक दगड, त्यापुढे हिरव्या डहाळ्यांचा ढीग. मामांनी एक डहाळी मोडून ठेवली, हात जोडले आणि वर बोट केलं. कपारीखाली आग्या मोहोळाची तीन पोळी, सुपाएवढाली.

"हितं धूर न्हाई, आवाज न्हाई. देवाला येक डहाळी पुरं हाय."

आता सांगा, दुकानदार माणूस उदबत्तीशिवाय देवापुढे उभा राहील? आम्ही पाण्याच्या बाटल्या भरायला वळलो तेवढ्यात त्यानं खिशातला अख्खा पुडा पेटवला.

"अरे, विझव ते!" बायको ओरडली.

"ताई, मी रोज तराजूलासुद्धा ओवाळतो. उद्या माझा निकाल आहे, आणि देवाला नुसता पाला ठेवू?"

धूर सरळ वर गेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कडा गुरगुरला आणि आकाश आमच्यावर कोसळलं.

काय ती कत्तल! मेहुणा टॉवेल फिरवत नाचायला लागला. मामांनी त्याच्या पोटरीवर लाथ हाणून त्याला आडवा केला, वर कांबळं टाकलं आणि स्वतः त्याच्या पाठीवर बसले. "हलू नको रं, मरशील!" पण दहा-बारा माश्या त्याच्यासोबत आधीच आत गेल्या होत्या. कांबळं किंचाळत होतं. माझ्या टकलावर तीन माश्या बसल्या. बायकोनं पायातली चप्पल काढून त्या तिथेच ठेचल्या. चौथी नव्हती, तरी चौथा फटका बसला. लग्नाची वीस वर्षं त्या एका फटक्यात होती.

पाऊण तासानं सगळं शांत झालं. कांबळं उचललं तर आत मेहुण्याचा शर्ट होता, आणि त्यावर भोपळा. मामांनी सुरीच्या पात्यानं काटे खरवडले. जोयड्याच्या दवाखान्यात दोन इंजेक्शनं दिली. जिवाला धोका नाही, हे कळल्यावरच आम्ही त्याच्याकडे बघून हसायला मोकळे झालो. तो मात्र रडत होता. एवढंच विचारत होता, "भावोजी, उद्या काय करायचं?"

"पुढे ढकलू," मी म्हणालो.

"नको. त्यांना वाटेल, आपणच नकार दिला. मारू दे त्यांना काय नकार तोंडावर मारायचा तो."

सोमवारी खानापूरला गेलो. सोफ्यावर मेहुणा फाशीच्या कैद्यासारखा बसला होता. गाल टम्म, डोळ्यांच्या नुसत्या फटी. शिक्षिकाबाई पोहे घेऊन आल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या आपल्या भावाच्या मोबाइलवर उघडलेला मेहुण्याचा फोटो पाहिला, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. आणि सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर बाईंच्या तोंडून निघून गेलं:

"अगंबाई, फोटोपेक्षा किती बरे दिसताय की हो तुम्ही!"