हिवाळ्यापुरते टायर

आम्ही निघालो त्या पहाटे अब्बा कुणाला जवळ घेत बसले नाहीत. ते गाडीभोवती फिरत होते. प्रत्येक टायरपाशी उकिडवे बसायचे, अंगठ्याने दाबून बघायचे, मग उठून टाचेने हलकीशी लाथ मारायचे. त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला, जाताना आंब्याच्या पेट्या आणि येताना किराणा. मी सनाला कडेवर घेऊन उभी होते, इरफान, माझा नवरा, पुन्हा पुन्हा पासपोर्ट तपासत होता आणि माझे वडील आपल्या एकुलत्या एका मुलीकडे पाठ करून मागच्या डाव्या चाकाशी काहीतरी पुटपुटत होते. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. शेवटी ते उठले, लुंगीला हात पुसले आणि म्हणाले, "टायर थंड हायत तवर घाट चढा. आणि दोन वर्सांत ये."

ती छोटी लाल गाडी इरफानने लग्नानंतर घेतली होती. आम्हाला विमानतळावर सोडून माझा मामेभाऊ ती परत आमच्या गावी, बाणकोटला घेऊन गेला. पुढच्या फोनवर अब्बांनी सांगितलं की त्यांनी गाडी पडवीशेजारच्या मांडवात चार चिऱ्यांवर चढवली आहे. चिरे म्हणजे आमच्याकडचे जांभा दगडाचे ठोकळे, ज्यांनी घरं बांधतात. गाडी उभी राहिली की तिच्या वजनाने टायर एका जागी बसतात, म्हणून ती जमिनीपासून उचलून ठेवायची. "तुम्ही आलात की उतरवतो," असं ते म्हणाले. आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे घरात ते आणि अंगणात ती गाडी, अशी दोघंच राहिली.

दोन वर्षांची चार झाली, चारांची आठ, आठांची अकरा. आता सना तेरा वर्षांची आहे आणि आम्ही अजून कतारमध्ये, दोहाजवळच्या अल वक्रातच, त्याच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आहोत.

आखातात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. इथे आम्ही कुठलीही वस्तू चांगली घेत नाही. जायचंच आहे, मग कशाला, हे आमच्या घरातलं रोजचं वाक्य. सोफा परत निघालेल्या एका हैदराबादी कुटुंबाकडून घेतला, फ्रिज असाच कुणाकडून, जेवणाचं टेबल तर आम्ही दोघांनी खालच्या मजल्यावरून उचलून आणलं. गाडीसुद्धा केरळला परतणाऱ्या एका मल्याळी माणसाची. तिच्या मागच्या काचेवर त्याच्या मुलाने चांदण्यांचे स्टिकर लावले होते. ते मी कधी काढले नाहीत, कारण ही गाडीही आम्ही विकणारच होतो. निघून गेलेल्यांच्या सामानात आम्ही इतकी वर्षं संसार केला आणि स्वतः मात्र निघालो नाही. मी कंटाळले आहे, हे सरळच सांगते. दोहाचा कंटाळा नाही आला. इथले रस्ते चांगले आहेत, मुलीची शाळा चांगली आहे, संध्याकाळी वक्राच्या समुद्रावर वारा येतो. निघण्याच्या तयारीत राहण्याचा कंटाळा आला.

या वर्षी मात्र आम्ही ठरवलं होतं. निदान अब्बांना तसं सांगितलं होतं. सनाची मार्चमधली परीक्षा झाली की एप्रिलमध्ये कायमचं परत यायचं. मी त्यांना म्हटलं होतं, "या खेपेला आंब्याला येते." इतक्या वर्षांत मी आंब्याला गेले नव्हते, कारण शाळेला मोठी सुट्टी जुलैत मिळते आणि तोवर झाडावर पानांशिवाय काही उरत नाही. या जुलैत तर तेही जाणं जमलं नव्हतं. अब्बा फोनवर हसले होते. ते फारसे हसत नाहीत.

मग नोव्हेंबरमध्ये टायरचा विषय निघाला.

सनाला शाळेत मीच सोडते. तिची शाळा अल थुमामाकडे आहे आणि गाडी दिवसभर माझ्याच हातात असते. एका सकाळी पार्किंगमध्ये वाकले तर टायरच्या बाजूवर बारीक भेगा दिसल्या, उन्हाळ्यात तळ्याच्या तळाशी मातीला पडतात तशा. इथल्या उन्हात टायर झिजायच्या आधी सुकतात. मुऐदरला एक ओळखीचं टायरचं दुकान आहे, तिथे गेले. मालक पेशावरकडचे चाचा आहेत. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "भाभी, सर्दियाँ निकाल देगा. गर्मी की बात मैं नहीं करता." मार्चअखेर गाडीचं रजिस्ट्रेशन, ज्याला इथे सगळे इस्तिमारा म्हणतात, ते नवं करायचं होतं आणि असे टायर तपासणीत पास होणार नाहीत हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं की आम्ही एप्रिलला जाणारच असलो तर? "तो फिर खलास," ते म्हणाले, "सर्दी चलाओ, बेचो, जाओ."

म्हणजे हे आमचे हिवाळ्याचे टायर झाले. मला गंमत वाटली आणि मी नसीमला व्हॉइस मेसेज पाठवला. नसीम माझी कॉलेजची मैत्रीण, आता कॅनडात असते. ती दर वर्षी याच सुमारास टायरवरून नवऱ्याशी भांडते. तिकडे बर्फासाठी वेगळे टायर असतात, नरम रबराचे, आणि ते घालावेत की नेहमीच्याच टायरवर हळू चालवावं यावर त्यांच्या घरी चर्चा चालते. तिचं उत्तर आलं: "अगं, आमच्याकडे हिवाळ्यात टिकावं म्हणून घालतात, तू तुझे हिवाळाभरच टिकतील म्हणून ठेवतेस. आणि आम्ही हिवाळा संपला की काढतो हं. तू काढशील ना?" पुढे ती हसली, पण मला पटकन हसू आलं नाही. आम्ही इथे आलो तेसुद्धा असेच, एका मोसमापुरते. काढायचे राहून गेले.

घरी इरफानला विचारलं. तो एका गोदामात स्टोअरकीपर आहे, सगळ्या वस्तूंचा हिशोब त्याच्या डोक्यात असतो, फक्त आपल्या घरचा विषय निघाला की "बघू" म्हणतो. तो "बघू" म्हणाला. मी म्हटलं, बघायचं काय, जायचं असेल तर जुने चालतील, राहायचं असेल तर नवे घालू. तेव्हा तो म्हणाला की मॅनेजरने कॉन्ट्रॅक्ट वाढवण्याबद्दल विचारलंय. कधी विचारलं? महिना झाला. महिनाभर या माणसाने ही गोष्ट डब्यासोबत गोदामात नेली आणि परत आणली. मला त्याच्यावर ओरडता आलं असतं, पण त्याचा चेहरा बघून तेही नको वाटलं. तिकडे त्याला या वयात कोण कामाला ठेवणार होतं, आणि सना दहावी दोन वर्षांवर आलेली असताना मंडणगडच्या शाळेत काय करणार होती? आम्हा दोघांनाही हे ठाऊक होतं, फक्त अब्बांना सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता.

सना टेबलाशी अभ्यास करत होती. मराठी तिला सगळं कळतं, बोलायचं असलं की इंग्रजी. मान वर न करता ती म्हणाली, "ममा, जस्ट टेल मी. आर वी लीव्हिंग ऑर नॉट?" मी म्हटलं, इन्शाल्ला. ती म्हणाली, "दॅट्स नॉट ॲन आन्सर." आम्ही तिला कधीच दुसरं उत्तर दिलं नव्हतं.

त्यानंतर मी तसेच टायर घेऊन फिरत राहिले. हवा थंड होती, रस्ता गुळगुळीत, काही झालं नाही. पण एक्सप्रेस-वेवर चढले की माझे हात स्टिअरिंगवर आवळले जायचे. मागे सना कानात हेडफोन घालून निवांत बसलेली असायची आणि मी मागच्या चाकांचा आवाज ऐकत असायचे. एप्रिल अजून लांब होता.

शुक्रवारी दुपारी अब्बांचा व्हिडिओ कॉल असतो. नमाजनंतर शेजारच्या फातिमाबी त्यांना फोन लावून देतात. त्या शुक्रवारी मी खाली पार्किंगमध्ये होते, गाडीतलं सामान काढत. अब्बांनी विचारलं, "गाडी कशी हाय?" आजवर त्यांनी माझ्या तब्येतीआधी नेहमी गाडीचीच चौकशी केली आहे. मी "बरी आहे" म्हटलं. म्हातारा माणूस, पण बोलण्यातली खोट लगेच ओळखतो.

"टायर दाखव."

"अब्बा, आता काय टायर दाखवू?"

"मोबाइल खाली ने. मागचा डावा."

मी उकिडवी बसले, मोबाइल चाकाजवळ धरला.  

"बाय, यावर तू पोरीला नेतेस?"

मी घाईने बोलायला लागले. की दुकानदार म्हणाला हिवाळा निघेल, की आपण एप्रिलला येतोय, मग चार महिन्यांसाठी कशाला नवे. हे बोलताना मला माझाच आवाज खोटा वाटत होता. अब्बांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"उद्याच बदल," ते म्हणाले. "आणि सस्ते नको. चार उन्हाळे निघतील असे घाल."

मी म्हटलं, "चार?"

"चार."

एवढंच.  स्क्रीनवर त्यांच्या हनुवटीचे पांढरे खुंट आणि वरचं कौलारू छप्पर दिसत होतं. मग त्यांनी मोबाइल फिरवला आणि मला मांडव दाखवला. चार चिरे होते, त्यांच्यामध्ये वाळकी पानं. गाडी नव्हती.

"फातिमाबीच्या जावयाला दिली," ते म्हणाले. "रमझानच्या आधीच. तिचे पण टायर असेच झालेले. उभे राहून राहून. म्हटलं, कुणीतरी फिरवूदे."

म्हणजे मी आंब्याला येते म्हणून सांगितलं, आणि ते हसले, तेव्हा मांडव रिकामाच होता. मी वाट बघायला लावते आहे या विचाराने महिनोन्महिने झोपत नव्हते, आणि त्यांनी वाट बघणं केव्हाच आवरून ठेवलं होतं, मला न सांगता. मला फार वाईट वाटलं. हलकंही वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचं आणखी वाईट वाटलं. मी पार्किंगमध्ये टायरला टेकून रडले. अब्बा तिकडे मोबाइल चिऱ्यांवरच रोखून उभे राहिले. 

दुसऱ्या दिवशी मुऐदरला जाऊन चारही टायर बदलले. चाचांनी जुने टायर भिंतीशी लावले आणि विचारलं, "तो रुक गए?" मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा दुकानात एका परक्या माणसाला सांगितला. गाडी लिफ्टवरून उतरली आणि मी पैसे देईपर्यंत सना मागच्या काचेपाशी उभी राहून नखाने त्या चांदण्या खरवडत होती. मी तिला थांबवलं नाही. अर्ध्या निघाल्या, अर्ध्यांचा गोंद उरला.

घरी जाण्याआधी वक्राच्या समुद्राजवळ गाडी थांबवून अब्बांना फोन लावला. त्यांनी चारही टायर बघितले, एकेक करून, विचारलं की हवा किती भरली. मग म्हणाले, "अंगठा दाबून बघ." मी दाबला. टायर घट्ट होता, उन्हाने जरासा कोमट. "बराय," ते म्हणाले.

फोन ठेवायच्या आधी अब्बा नेहमी एकच विचारतात, "मग कवा येतेस?" तो प्रश्न मी इतकी वर्षं चुकवत आले. आज तो येईल म्हणून मी थांबले. आला नाही. मला कळेना की ज्या घरातून हे विचारणंच थांबलं, त्या घराला मी आता आपलं म्हणू की नाही. म्हणून मीच म्हटलं, "अब्बा, जुलैत येते. सुट्टीला."

सुट्टीला. याआधी मी 'येते' एवढंच म्हणायचे.

"जुलैत आंबे नसतात," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"बरं. फातिमाबीला आंब्याचं साठं घालून ठेवायला सांगतो, वाळलेलं टिकतं." मग म्हणाले, "गाडी नाय आता आपली. मुंबैवरून भाड्याची करशील. पावसात घाट निसरडा असतो, बाय. बसायच्या आधी टायर बघ."