गुणाजीने गिअरात भरलेलं तेल

कोलशेतच्या कोळीवाड्यात कुणाचं मशीन बंद पडलं की पहिली हाक गुणाजीला. बोटीच्या इंजिनाला नुसता कान लावून हा बाबा दुखणं सांगायचा. आता असं चाळीस वर्षं चाललं की माणूस थोडा फुगणारच, पण गुणाजी जरा जास्तच फुगला होता. कुणी काही सांगायला गेलं की "मला शिकवतो काय रं?" म्हणून मोकळा.

त्याची मुलगी वर्षाली. पोलिओने डावा पाय लहानपणीच गेलेला, त्यामुळे क्लच दाबणं तिला जमणारं नव्हतं. घोडबंदर रोडला नोकरी लागली तशी तिने जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. शेअर रिक्षात चढताना मागून येणारं "मॅडम, लवकर करा ना" बंद झालं. पोरगी गाडीत बसली की चेहराच बदलायचा तिचा.

गिअरचं तेल बदलायची वेळ आली, तेव्हा गॅरेजवाल्या जेरोमने तिला बजावलं होतं, की लाल पातळ तेलच टाकायचं, दुसरं चालत नाही. गुणाजीने ते ऐकलं मात्र आणि तो भडकला. "बाप जिवंत असताना गॅरेजात कशाला? घरी काढतो मी."

वर्षालीने लाल तेलाचे डबे आणून दिले. "बाबा, हेच टाका हां."

"बरं गो बाय, टाकतो."

रविवारी अख्खी आळी हळदीला गेलेली, बायको तर शनिवारपासूनच तिकडे, मागोमाग वर्षालीही गेली. गुणाजी गाडीखाली शिरला, बूच काढलं, घमेल्यात तेल धरलं. मग नवा डबा उघडून बोटांवर तेल घेतलं. पाण्यासारखं! रंग तर थेट सरबताचा. ह्याच्या भरवशावर पोरीचा जीव सोपवायचा? बोटीला इंजिनात आणि गिअरात एकच जाड तेल घालतात, आणि बोट तर भर समुद्रात चालते. त्याने लाल डबे बाजूला सारले आणि बोटीचा कॅन आणला. भरलं, इंजिन चालू करून गिअर पुढे-मागे केले, आतला उरलासुरला लाल अंशही राहू नये म्हणून पुन्हा सगळं काढलं आणि पुन्हा जाड तेल भरलं. खरं सांगायचं तर एवढ्या मायेने त्याने स्वतःची बोटही कधी धुतली नसेल.

सोमवारी गाडी घोडबंदर रोडवर भर ट्रॅफिकमध्ये मेली. इंजिन बोंबलतंय, चाक हलत नाही, मागे हॉर्नवर हॉर्न. वर्षाली काठी टेकत रस्त्यात उतरून उभी राहिली.

संध्याकाळी जेरोमने गाडी ओढून गॅरेजात आणली. बूच काढलं, तेल बघितलं आणि कपाळावर हात मारला. "गिअरबॉक्स गेला. आता तो अख्खा उघडायचा, महिना तरी धरा. कुणी भरलं हे?"

गुणाजी शेजारीच बसलेला.

"मीच," वर्षाली म्हणाली. "बाबा घरी नव्हते. मला वाटलं, तेल ते तेल."

जेरोमने गुणाजीकडे बघितलं. "काका, तुमच्यासारखा माणूस घरात असताना तिने तुम्हाला विचारायला पाहिजे होतं की नाही?"

आणि गुणाजीने मान हलवली. वर म्हणाला, "हो ना. विचारायला हवं होतं."

वर्षाली पिशवी खांद्याला लावून चालू लागली.

रात्री जेवताना आवडाबाईने, म्हणजे गुणाजीच्या बायकोने, पोरीला फैलावर घेतलं. एवढा मशीनवाला बाप घरात, आणि हिचे हे उद्योग! वर्षाली खाली मान घालून भात कालवत होती. गुणाजीच्या हातातला घास हातातच राहिला.

"तिला बोलू नको. मी भरलं ते."

आवडाबाई बघतच राहिली. "मग जेरोमच्या समोर काय तोंडात बोंबील धरलेलात?"

शरमेने गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी वर्षाली काठी घेऊन रिक्षाच्या नाक्याकडे निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत गुणाजी दारात उभा होता. मग शर्ट चढवून तो तडक गॅरेजात गेला. तिथे आळीतली चार माणसं चहा पीत होती. माघारी फिरावं असं त्याला फार वाटलं.

"जेरोम, ते तेल पोरीने नाय, मी भरलं. तिने लाल डबे आणून दिलेले, मीच नाय टाकले."

जेरोमने हातातला पाना खाली ठेवला.

"काका, ते मला कालच कळलं. बोटीचं तेल आहे, वासच सांगतो. वर्षालीच्या हातात ते कुठून येणार? म्हणून तर तुम्हाला विचारलेलं, म्हटलं काका आता बोलतील." त्याने पाना पुन्हा उचलला. "तुम्ही मान हलवलीत ना, तेव्हा मला पोरीकडे बघवेना."