नवसाबाईचं एलिव्हेशन

नवसाबाई आणि मी पिंपळगावच्या या गल्लीत एकाच साली नवऱ्या होऊन आलो. तिचं घर माझ्या घराच्या अगदी समोर, मधे एक ट्रॅक्टर जाईल एवढाच रस्ता. दोघींच्या दारात शहाबादी फरशीचा ओटा, वर पत्रा, दाराला निळा रंग. तिचा द्राक्षाचा बाग, माझा बी. तिला एकच पोरगा, दीपक. मला एकच, भारत. इतकी वर्षं मला तिचं काही टोचलं नव्हतं. टोचण्यासारखं तिच्याकडं होतंच काय?

बाई कामाला वाघ, हे मी बी मान्य करते. छाटणी आली की मजुरांच्या आधी बागेत, आणि बोलणं असं मोठ्यानं की तिच्या घरातलं भांडण आम्हाला आमच्या घरात बसून कळायचं. मनात काही ठेवायची नाय. नवऱ्याला बोलायची तशीच देवाला बी बोलायची.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या घरापुढं परांची बांधली गेली. कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दीपकला पोरगी मिळत नव्हती. आमच्याकडं आता शेती करणाऱ्या पोराला कोण पोरगी देतो? नोकरी पायजे, नाशकात फ्लॅट पायजे. पोरीकडचे आधी घर बघून जातात आणि मग कळवतो म्हणतात, ते कळवतच नाय. कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं की पाहुणे रस्त्यावरूनच घर नापास करतात, आधी घराच्या दर्शनी बाजूचं एलिव्हेशन करून घ्या. झालं. बाईनं मनावर घेतलं.

काय काय केलं विचारू नका. भिंतीला चॉकलेटी टेक्श्चर, खांबांना दगडाच्या पट्ट्या, पायऱ्यांना काळं ग्रॅनाइट, स्टीलची रेलिंग. सागवानी दार, त्यावर हे एवढं मोठं कमळ कोरलेलं. पोर्चच्या छताला गोल गोल लाइटी. आत मात्र तीच मोरी, तेच स्वयंपाकघर, छताला तीच ओल. पण आत कोण बघतंय? संध्याकाळी तिच्या लाइटी लागल्या की उजेड माझ्या ओट्यापर्यंत यायचा. तिच्या उजेडात मी तांदूळ निवडायची आणि जळायची.

भारतच्या वडलांच्या मागं लागले की आपलं बी करू. ते म्हणाले, "आधी बागेवर प्लास्टिकचं कव्हर टाकू. मागच्या साली गारांनी काय केलं, विसरलीस का? भिंतीला काय घड लागणार हायेत?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाय.

नवसाबाई मात्र रोज हाक मारायची. "अगं लता, ये ना, दार ढकलून बघ, किती जड हाय." शेवटी गेले. दार ढकललं. म्हटलं, "चांगलं हाय. कमळ तेवढं जरा वाकडं वाटतंय." कमळ कुठं वाकडं नव्हतं. पण ती बिचारी किती तरी वेळ मान तिरपी करून बघत बसली. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

आणि मग भारतला स्थळ आलं. गोरक्षभाऊ म्हणजे आमच्या यांचे मावसभाऊ, त्यांनी आणलं. चांदवडची पोरगी, शिकलेली, घरी कांद्याची शेती. रविवारी तिचे आईवडील आणि मामा घर बघायला येणार होते. आतलं घर मी लख्ख ठेवते, त्याची चिंता नव्हती. पण आमच्या पुढच्या भिंतीचा खिडकीखालचा गिलावा पडलेला, विटा दिसत होत्या. चार दिवसांत मिस्त्री कुठून आणू?

मग मला सुचलं. खुर्च्या ओट्यावरच मांडायच्या, भिंतीला टेकून. गाडी दाराशी थांबेल, पाहुणे उतरतील, लगेच बसतील. भिंत पाठीमागं राहिली की तिच्याकडं कोण बघतंय? माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

रविवारी सगळं तसंच झालं. पाहुणे उतरले, बसले. भारत इस्त्रीचा शर्ट घालून आला, पाया पडला. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आले आणि पाय तिथंच थांबले. पाहुण्यांची पाठ माझ्या भिंतीला, आणि तोंडं सगळी नवसाबाईच्या घराकडं. सकाळी तिनं पायऱ्या धुतल्या होत्या, ऊन बरोबर त्या दारावर आलेलं. पोरीची आई पोह्याचा चमचा हातात धरून तिकडंच बघत होती. मामा म्हणाले, "समोर कुणाचं घर हाय?"

मी काही बोलायच्या आत नवसाबाईच बाहेर आली. ती येणारच. "या पाहुणे, कुठले? चांदवडचे का?" आणि रस्त्यातच उभी राहून भारतचं कौतुक सुरू केलं. पोरगा लय गुणाचा, माझ्या दीपकबरोबर वाढला, सुपारीचं बी व्यसन नाय.

पोरीची आई म्हणाली, "म्हणजे तुम्हाला बी मुलगा हाय?"

"हाय की," नवसाबाई म्हणाली. माझ्या हातातला ट्रे जड झाला.

पाहुणे कळवतो म्हणून गेले. आठवडा गेला, कळवलं नाय. आणि एका दुपारी गोरक्षभाऊंची मोटारसायकल नवसाबाईच्या पायऱ्यांशी लागली. माझ्या घरावरून गेले आणि तिच्या घरात शिरले. अंगाची नुसती लाही झाली. मी भारतच्या वडलांना सांगितलं, "बघा, तुम्ही प्लास्टिक टाका बागेवर. तिनं माझ्या पोराचं स्थळ पळवलं." त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती हाक मारायची, मी मिक्सर चालू करायची. तिच्या त्या ग्रॅनाइटवरून तीच एकदा घसरून पडावी, असं मी देवापुढं बसून म्हटलंय.

पुढं गोरक्षभाऊ आमच्याकडं आले तेव्हा मी पाणी द्यायच्या आधीच विचारलं, "काय मग, दीपकची हळद कधी?"

ते म्हणाले, "वहिनी, तुम्हाला नवसाबाई काही बोलल्या नाय का? चांदवडवाल्यांनी दीपकसाठी विचारलं होतं, खरं हाय. घर मनात भरलं त्यांच्या. मी निरोप घेऊन गेलो. पण त्या नाय म्हणाल्या."

"नाय? का?"

"म्हणाल्या, ते लताच्या ओट्यावर चहा पिऊन गेलेले पाहुणे हायेत. त्यांना मी माझ्या घरात कसं घेऊ? भारतला पोरगी द्यायची तर द्या, नायतर इथं विचारू नका. चांदवडवाल्यांनी मग पोरगी सिन्नरला दिली."

दीपक पस्तिशीला टेकलाय. एवढा खटाटोप केल्यावर त्या दारात आपल्या पायानं चालून आलेलं ते पहिलं स्थळ. तिनं ते माघारी लावलं, आणि गल्लीत कुणाला सांगितलं बी नाय. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मिरवते म्हणून मला नावं तरी ठेवता आली असती.

भाऊ गेल्यावर मी ओट्यावर येऊन बसले. समोर ती तेलाचं फडकं घेऊन दार पुसत होती. मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. उलट आधीपेक्षा जास्त आग झाली. गिलावा काय, आज ना उद्या मी बी करीन. पण हे कुठून आणू?

तिनं वळून बघितलं. "लता, चहा टाकते, येतीस का?"

"कामात हाय," मी म्हटलं. हात रिकामे होते माझे.

तिच्या जागी मी असते तर त्या स्थळाला हो म्हटलं असतं. त्याच संध्याकाळी पेढे आणले असते, आणि पहिला पेढा समोर जाऊन तिच्याच हातावर ठेवला असता.