आमच्या नळाचे महापौर

आमच्या दहिसरच्या चाळीत पाणी कधी साठलं नाही, किस्से मात्र हंड्याबाहेर सांडायचे! त्यातले निम्मे महापौरांचे. तेव्हा मुंबईला दर वर्षी नवा महापौर मिळायचा. एकाचं नाव तोंडात बसतंय तोवर दुसरा. परवा नात कॉलेजातून विचारत आली, "आजी, साठ-सत्तरच्या सालातले महापौर सांग ना." मी शाळेची पायरी चढले नाही, नावं कुठून येणार? माझा इतिहास चष्मेवाले, धोतरवाले, ठेंगणे असा. आमची मंदा झाली ती चष्मेवाल्यांच्या साली. म्हटलं, घे लिहून. पण हसायचं ते मला, त्यांना नाही.

चाळीत बावीस बिऱ्हाडं आणि नळ एकही नाही. विहीर नदीपलीकडे. मी आणि शेजारची फिलोमीन, दिवसाला सहा-सहा खेपा. फिलोमीन इथल्याच गावठाणातली ख्रिस्ती, मी मालवणाकडची. डोक्यावरच्या हंड्याने आमची जात एक केली होती. चाळ-कमिटीचे सेक्रेटरी तात्या सावंत. ते दर महापौरांना नळासाठी अर्ज लिहायचे आणि चाळ बघायला बोलवायचे. ओवाळायला मी. कारण चांदीचं निरांजन माझ्याकडे होतं. अकलेवर निवड झाली असती तर फिलोमीन गेली असती.

*

पहिल्या साली गाडी थांबली. पुढच्या दारातून उंच माणूस उतरला. लाल पट्टा, छातीवर पितळेचा बिल्ला, मिशी तर काय विचारता! मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळायला लागले. तात्या खोकत होते. मला वाटलं, धूळ गेली घशात. मागे बुशकोटातला एक बारीक माणूस उभा होता.

"बाई," मिशीवाला हळूच म्हणाला, "मी शिपाई. साहेब मागे आहेत."

माझा हात थांबला. तसा तो आणखी हळू म्हणाला, "आता पुरं करा की! घरी कोण ओवाळतंय मला?"

*

पुढल्या साली तात्यांनी मला एकच वाक्य पाठ करायला दिलं: "साहेब, आम्हाला नळ पाहिजे." आठ दिवस विहिरीच्या वाटेवर फिलोमीन माझ्याकडून घोकून घेत होती. "चुकलीस तर हंडा घालीन डोक्यात," म्हणायची.

साहेब आले, खुर्चीत बसले, माझ्याकडेच बघून म्हणाले, "बोला बाई, काय अडचण आहे?"

आता सांगा, पाहुणा दारात आलाय, चहाचा कप अजून हातात गेला नाही, आणि त्याच्यासमोर आपलं रडगाणं गायचं? आमच्या आईने असं शिकवलं नव्हतं! मी पदर सावरला आणि म्हटलं, "अडचण कसली साहेब? सगळं झकास आहे. तुम्ही आधी चहा घ्या."

तात्यांनी कपाळाला हात लावला. साहेब चहा प्यायले, वर तांब्याभर पाणी प्यायले. "पाणी गोड आहे हो तुमच्याकडचं!" म्हणाले आणि खुशीत गेले.

फिलोमीन म्हणाली, "माझा एवढा घाम पडला त्यात, तरी गोड?"

*

मग मात्र नळ मंजूर झाला! चौथरा बांधला, वर पितळेची तोटी बसली. उद्घाटन ठरलं, पत्रिका गेल्या, आणि आदल्या दिवशी कळलं की मागचा पाइप जोडायचाच राहिलाय. शहाण्या माणसाने तारीख पुढे ढकलली असती. तात्या म्हणाले, "महापौरांना नाही म्हणायचं? चाळीची अब्रू आहे काही!"

आयडिया कोणाची? माझीच, बाई. भिंतीमागे ड्रम उंचावर ठेवायचा, रबरी नळीने तोटीला जोडायचा. सकाळपासून आम्ही बायकांनी विहिरीवरून पाणी आणून तो भरला. महापौरांनी तोटी फिरवली. धो धो पाणी! टाळ्या, हार, फोटो. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या.

त्यानंतर तात्यांनी पाण्यासाठी केलेल्या प्रत्येक अर्जाला एकच उत्तर यायचं: आपल्या चाळीत चालू नळ आहे, सोबत फोटो पाहावा. फोटोत मी हसतेय.

*

शेवटी हंडा मोर्चा काढला. आम्ही अकरा बायका रिकामे हंडे घेऊन पार बोरीबंदरला, पालिकेच्या मोठ्या इमारतीत. दिवस मी ठरवलेला, चतुर्थीचा, शुभ म्हणून. तर नेमकी त्याच दिवशी नव्या महापौरांची निवडणूक! जुने निघाले होते, नवे अजून बसायचे होते. नुसती हारांची गर्दी. एकाने आमचे हंडे बघितले आणि ओरडला, "स्वागताच्या बायका आल्या! पुढे घ्या!"

आम्हाला पुढे घेतलं. हातात पेढे दिले. या खेपेला तरी मी म्हणणार होते की नळ पाहिजे, पण तोंडात पेढा होता.

घरी आल्यावर माझा नवरा म्हणाला, "पाणी?" फिलोमीनने हंडा पुढे केला. "पेढे आहेत. पाणी प्यायचं असेल तर विहिरीवर जा."

*

मग पालिकेचा पाण्याचा एक इन्स्पेक्टर स्वतः आला. तोटी फिरवली, भिंतीमागे गेला, ड्रम बघितला, माझ्याकडे बघितलं. मी चहा विचारला. पण महिन्याभरात खरा पाइप जोडला गेला! पाणी रोज दुपारी तीन ते चार. पहिल्याच दिवशी तीनला नवे महापौर येणार, म्हणून तात्यांनी तोटीला रिबन बांधली आणि स्वतः पहाऱ्याला उभे राहिले. "साहेबांच्या आधी कोणी हात लावायचा नाही!"

तीन वाजले. पाइपात खरखर झाली. रांगेत हंडे, कळश्या, बादल्या. सव्वातीन झाले. साहेबांचा पत्ता नाही.

फिलोमीन म्हणाली, "तात्या, साहेब पुढल्या वर्षी पण येतील. पाणी चारला जाईल."

"फक्त पाच मिनिटं!" तात्या म्हणाले.

साडेतीनला मी उठले. रिबनची गाठ सोडली, रिबन तात्यांच्या खिशात घातली, आणि तोटी उघडली. शेवटची कळशी भरतेय तोवर चार वाजले, आणि गाडी आली.

तात्यांनी घाईघाईत रिबन बांधली. साहेबांनी कापली. टाळ्या झाल्या. त्यांनी तोटी फिरवली. एक थेंब नाही! परत फिरवली. साहेबांनी भरलेल्या हंड्यांच्या रांगेकडे बघितलं, मग माझ्या निथळत्या पदराकडे.

"बाई, पाणी कुठाय?"

मी म्हटलं, "आता उद्या तीनला, साहेब. हंडा ठेवून जा तुमचा, नंबर लावते."